रोग्याची सेवा करणाऱ्या लेकीचे मन कोण जपणार?



घरटी नसेल, पण आपल्या भावकीत एखादी तरी मुलगी नर्स झालेली असते. शाळा संपली, की ती तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊन दोन-तीन वर्षांचे शिक्षण पुरे करते. मग पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, जिथे मिळेल तिथे नोकरी धरते. महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवते. त्या पैशांतून धाकट्या भावाची फी भरली जाते, विहिरीवरची जळालेली मोटार दुरुस्त होते, सोसायटीचा हप्ता जातो. गावात कुणाला दुखले-खुपले, की पहिला फोन तिलाच लागतो. "ताई, या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या का नंतर?" "आक्का, तुमच्या दवाखान्यात खाट मिळेल का?"

सगळे तिला विचारतात. "तू कशी आहेस?" असे तिला विचारणारे मात्र थोडे. कोरोनाच्या साथीत तिच्या शरीराने काय सोसले ते आपण थोडेफार ऐकले. तिच्या मनाने काय सोसले ते फारसे कुणी सांगितले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. ते समजून घ्यावे आणि घरच्यांनी काय करावे ते सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

काम काय होते ते आधी पाहा

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले. दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. गाड्या थांबल्या, बाजार थांबले, आपण दारे लावून घेतली. त्याच वेळी या मुली उलट्या दिशेने, म्हणजे रुग्णाच्या खाटेकडे निघाल्या होत्या.

अंगभर प्लास्टिकसारख्या कापडाचा झगा, त्यावर टोपी, दोन-दोन हातमोजे, नाकातोंडावर घट्ट एन-95 मास्क, डोळ्यांवर चष्मा, वरून पारदर्शक ढाल. याला सगळे 'किट' म्हणत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडके बांधून ज्याने फवारणी केली आहे, त्याला या उकाड्याचा थोडा अंदाज येईल. पण शेतकरी तासाभराने पंप उतरवून झाडाखाली बसू शकतो, तांब्याभर पाणी पिऊ शकतो. किट एकदा चढवले, की सहा-सहा तास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, पाण्याचा घोट नाही की लघवीला जाणे नाही. कारण किट उतरवले तर ते टाकून द्यावे लागे, दुसरे मिळेलच याची खात्री नसे, आणि उतरवताना लागण होण्याचा धोका सगळ्यात मोठा. म्हणून कामावर जाण्याआधीच पाणी पिणे त्या बंद करीत. मासिक पाळीच्या दिवसांत काय होत असेल, हे आपल्या वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको.

चेहरा झाकलेला, म्हणून आजारी माणसाला आपली सेवा कोण करते तेही दिसत नसे. कित्येकींनी किटवर पेनाने आपले नाव लिहून घेतले, ते यासाठी.

आठवडाभराची पाळी झाली, की घरी न जाता वसतिगृहात किंवा लॉजवर वेगळे राहायचे. लेकरू गावी आजीजवळ. आईला पाहून ते फोनमध्येच हात घाली आणि रडे. दूध पिते मूल मागे ठेवून कामावर गेलेल्याही त्यांत होत्या.

मन कशाने खचले?

कष्टाने माणूस दमतो. दमलेला माणूस झोपला, जेवला, की पुन्हा उभा राहतो. खचणे ही वेगळी गोष्ट आहे. या मुली कष्टाने दमल्याच, पण खचल्या त्या दुसऱ्याच कारणांनी.

पहिले कारण भीतीचे. स्वतःच्या जिवाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती आपण हा रोग घरी नेऊ याची होती. म्हातारे सासू-सासरे, लहान मूल, मधुमेहाचा नवरा. आपल्या हातून त्यांना काही झाले तर, हा विचार रात्री डोळा लागू देत नसे. लस आली ती 16 जानेवारी 2021 रोजी. पहिला मान आरोग्यसेवकांना मिळाला हे खरे, पण त्याआधीचे दहा महिने त्या लसीविना वावरल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभरात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्यसेवक कोरोनाने दगावले. ही भीती पोकळ नव्हती.

दुसरे कारण मृत्यूचे. नर्सला मरण नवे नाही. पण एरवी मरणाऱ्या माणसाच्या उशाशी त्याची माणसे असतात, कुणी तोंडात पाणी घालते, कुणी हात धरते. या साथीत नातेवाइकांना आत येता येत नव्हते. शेवटचा हात धरायला असे ती सिस्टरच. आपल्या फोनवरून रुग्णाच्या मुलाला वडिलांचा चेहरा तीच दाखवी. नंतर देह गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून पाठवणे हेही तिच्यासमोर. आणि दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हसून सांगायचे, "काका, तुम्ही बरे होणार बरं का." एका पाळीत असे दोनदा, तीनदा झाले तर मन कुठे ठेवायचे?

तिसरे कारण सगळ्यात खोल जाणारे. ते म्हणजे हात तोकडे पडल्याची बोचणी. एका नर्सने किती रुग्ण पाहावेत याचे काही प्रमाण असते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाजवळ तर एक नर्स सतत हवी. एप्रिल 2021 च्या दुसऱ्या लाटेत हे प्रमाण पार मोडले. खाटा कमी, प्राणवायू कमी. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण काही वेळात दगावले. अशा वेळी वॉर्डात उभ्या असलेल्या नर्सचा दोष काय? काही नाही. पण मन हिशेब विचारतेच. "मी दोन मिनिटे आधी पोहोचले असते तर?" कुळवाच्या पाळ्या, खत, पाणी सगळे वेळेवर करूनही गारपिटीने द्राक्षबाग झोपली, की शेतकरी रात्रभर बांधावर बसून "मी आठ दिवस आधी माल उतरवला असता तर" असे म्हणत राहतो ना? तसेच हे. फरक इतकाच, की इथे माणसे गेली.

साथ सुरू झाली तेव्हाच याची चाहूल लागली होती. 2020 च्या जानेवारीअखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी चीनमधल्या 34 रुग्णालयांतल्या 1257 डॉक्टर आणि नर्सेसची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्या लोकांत उदासपणाची लक्षणे दिसली. दर तिघांत एकाला झोप न येण्याचा त्रास होता. दहांतले सात जण मनाने हादरलेले होते. त्यातही नर्सेस, स्त्रिया आणि रुग्णाजवळ प्रत्यक्ष काम करणारे यांचा त्रास जास्त होता. तेव्हा हे एखाद्या हळव्या मुलीचे रडगाणे आहे असे कुणी समजू नये. डोक्यावर ओझे ठेवले की मान दुखते, तितकी ही सरळ गोष्ट आहे.

आणि चौथे कारण आपल्याकडचे

चौथे कारण लिहिताना लेखणी जड होते. 22 मार्च 2020 रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. गावागावांतही वाजल्या. पण थोड्याच दिवसांत शहरात घरमालक नर्सला खोली खाली करायला सांगू लागले, शेजारी जिन्यात पाठ फिरवू लागले. गावोगाव वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या. बाहेरच्याला गावात घ्यायचे नाही, हे एक वेळ समजू शकते. पण सुट्टी मिळून आठ महिन्यांनी घरी आलेल्या गावच्या लेकीलाही काही ठिकाणी "तू कशाला आलीस?" असे ऐकावे लागले. तिच्या घरच्यांना पिठाच्या गिरणीवर दळण मिळेना, नळावर बायका बाजूला सरकू लागल्या.

दवाखान्यातल्या मरणाने जी रडली नाही, ती या बोलण्याने रडली. परक्याचा दगड अंगाला लागतो, घरच्याचा शब्द आत लागतो.

आरोग्यसेवकांवर हल्लेही झाले. ते इतके वाढले, की 22 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि पुढे सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. साथीच्या काळात आरोग्यसेवकावर हात टाकल्यास तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद, अशी शिक्षा त्यात ठरली. ज्या मूळ कायद्यात ही दुरुस्ती झाली, तो 1897 सालचा, प्लेगच्या वेळचा आहे.

त्या प्लेगचे नाव निघाले म्हणून आठवण करून देतो. त्याच 1897 साली सावित्रीबाई फुले हडपसरजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. लोक घरे सोडून रानात पळत होते, आणि या माउली आजाऱ्यांना दवाखान्यात आणीत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्यांच्या फोटोला आपण दर वर्षी हार घालतो. तेच काम करणाऱ्या आजच्या मुलीला पाण्याच्या नळावरून हटकायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

साथ गेली, पण

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मास्क कपाटात गेले. कंत्राटावर घेतलेल्या कित्येक नर्सेसना गरज संपताच घरी बसावे लागले. नाकावरचे मास्कचे वळ केव्हाच बुजले. मनाचे तसे नसते. मनाची जखम कधीकधी वर्ष-दोन वर्षांनी, सगळे स्थिरस्थावर झाल्यावर डोके वर काढते. धावपळीत माणूस उभा असतो, बसल्यावर त्याला पाय दुखल्याचे कळते, तसे.

तेव्हा घरच्यांनी पुढील खुणांकडे लक्ष द्यावे.

झोप लागत नाही, किंवा लागली तरी दचकून जाग येते, तीच तीच स्वप्ने पडतात. यंत्राची शिटी, रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की छातीत धडधडते. पूर्वी बोलकी असलेली मुलगी गप्प राहते, सणाला यायचे टाळते. लहानसहान गोष्टीवरून मुलांवर ओरडते आणि मग एकटीच रडते. जेवणावरची वासना उडते. कामावर जायच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो. "कशातच काही अर्थ नाही," "मी नसते तर बरे झाले असते," असे बोलते.

यातल्या दोन-तीन गोष्टी पंधरा दिवसांहून जास्त टिकल्या, तर ते मनाचे दुखणे आहे असे समजा. ते बाहेरचे नाही, कुणाची नजर नाही, नखरे तर मुळीच नाहीत. शेवटचे वाक्य तर एकदाच बोलली तरी थट्टेवारी नेऊ नका. त्या दिवशी तिला एकटे सोडू नका.

आणि हे फक्त मुलींचे नाही. या कामात मुलगेही आहेत, दवाखान्यात त्यांना ब्रदर म्हणतात. पुरुषाने रडू नये अशी आपली रीत, म्हणून त्यांचे दुखणे आणखीच आत राहते. तुमचा मुलगा ब्रदर असेल तर त्यालाही हे सारे लागू आहे.

घरच्यांनी काय करावे?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढले, त्याला हळद आणि लोणी लावून तो हलक्या हाताने चोळतो. मुक्या जनावराचे उपकार फेडण्याची ही आपली रीत. मग ज्या लेकीने रोग्यांचे ओझे वाहिले, तिच्या खांद्यावर हात ठेवायला आपल्याला कोण अडवते?

पहिली गोष्ट ऐकणे. ती सांगू लागली तर मध्येच "जाऊ दे, विसर आता" असे म्हणू नका. विसरायचे म्हणून विसरता येत नाही. सांगून झाल्यावर मात्र हलके होते. आणि ती गप्प राहिली तर खोदूनही विचारू नका. सोबत शेतात न्या, भाजी निवडायला जवळ बसवा. हाताला काम असले की तोंड आपोआप मोकळे होते.

दुसरी गोष्ट झोप. रात्रपाळी करून आलेली सून सकाळी नऊला झोपली, तर "दिवसा लोळते" असे म्हणणाऱ्या सासवा अजून आहेत. सासूबाईंनो, राग मानू नका, पण रात्रभर तुम्ही झोपला होता तेव्हा ती उभी होती. खोलीत अंधार करा, पोरांना अंगणात घ्या, तिला सहा-सात तास उठवू नका. झोपेइतके मनाला दुसरे औषध नाही.

तिसरी गोष्ट पैशांचा तगादा. तिच्या पगारावर सारे घर चालत असेल, तर "नोकरी सोडू का?" हा प्रश्न ती तोंडातून काढूच शकत नाही. तो दाब मनावर बसतो. घरात एकदा मोकळेपणाने सांगा, "पोरी, तुझा जीव आधी. दोन महिने सुट्टी घ्यावी लागली तरी आपण भागवू." बहुतेकींना सुट्टी लागत नाही, एवढा शब्दच पुरतो.

चौथी गोष्ट कौतुक जपून करण्याची. "तू देवी आहेस, तुला काय होतंय," असे म्हणू नका. देवीला थकता येत नाही, रडता येत नाही. ती माणूस आहे. "दमली असशील, बस, चहा टाकते," हे वाक्य हाराहून मोठे आहे.

पाचवी गोष्ट डॉक्टरची. घरच्या आधाराने पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर मनाच्या डॉक्टरला दाखवा. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालयेही आहेत. तिथे वेडेच जातात ही समजूत आता टाकून द्या. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो, तसेच हे. 14416 या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. नर्सच्या घरीच नव्हे, कर्जाने किंवा नापिकीने चिंतेत असलेल्या शेतकऱ्याच्या घरीही तो उपयोगी पडेल.

गावाने काय करावे?

आपल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारी सिस्टर ही कुणाच्या तरी गावची लेकच आहे. साथीत घरोघर फिरणाऱ्या आशाताई तर आपल्याच गावच्या. आरोग्य केंद्रासाठी रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात लोकांचे प्रतिनिधी बसतात. त्यांना विचारा, सिस्टरच्या खोलीला आतून कडी आहे का? संडासाला पाणी आहे का? रात्री बाळंतपणाला ती एकटी असते, तेव्हा बाहेर दिवा लागतो का? दारू पिऊन येऊन शिव्या देणाऱ्याला कोण आवरते? या गोष्टींना फार पैसा लागत नाही, पण अर्धी भीती त्यांनीच जाते.

1918 साली मानमोडीची साथ आली होती, असे आपल्या आज्या-पणज्या सांगत. तिने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. तिच्या आधी प्लेग, तिच्या नंतर कोरोना. पुढची साथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण येणार हे धरून चालावे. दुष्काळ येणार म्हणून आपण कडबा राखतो, तशी याचीही तयारी हवी. पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा आणि दोन ठराव करून ठेवा. एक, साथ आली तर गावच्या आरोग्यसेविकांसाठी शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली पाण्या-दिव्यासह राखून ठेवायची आणि त्यांच्या घरचे दळण-किराणा गावाने पोहोचवायचा. दुसरा, त्यांच्यासाठी वेशीवर काटी पडणार नाही.

ठराव वहीत लिहा, सह्या घ्या, आणि गावच्या ज्या लेकी बाहेरगावी नर्स आहेत त्यांना तो कळवा. आपल्या पाठीशी गाव आहे एवढे कळले, तरी रात्रपाळीला उभ्या असलेल्या मुलीचे पाय थोडे कमी दुखतील.